'प्रो' बॉक्सर व्हायचंय, पण त्यात नोकरी लागते का?

राजारामपुरीच्या मेन रोडवरून संध्याकाळी चालत गेलं की गल्लीगल्लीच्या तोंडाला पोरांचं टोळकं मोबाईलवर वाकलेलं दिसतं. कोल्हापूरच ते, त्यामुळे बहुतेक वेळा फुटबॉल, पाटाकडील की दिलबहार यावरून वाद. पण गेल्या दोन-तीन वर्षांत त्यात बॉक्सिंगही आलंय. लास वेगासची रिंग, रंगीत दिवे, कंबरेला पट्टा. ओळखीच्या एका घरातला सतरा वर्षांचा मुलगा असंच बघता बघता एक दिवस जेवताना म्हणाला, "मला प्रो व्हायचंय." दोन वर्षं सराव करतोय, शालेय स्पर्धेत दोन-चार लढती जिंकलाय. अब्बू म्हणाले, "प्रो म्हंजे रं काय?" अम्मीनं तेही विचारलं नाही. तिचा प्रश्न सरळ होता, "त्यात नोकरी लागती का?"

हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नाही हा. आपल्या समाजातली बॉक्सिंगकडे वळणारी बहुतेक मुलं-मुली गॅरेज, शिवणकाम, रिक्षा, छोटं दुकान किंवा फार तर पोलीस शिपायाच्या पगारावर चालणाऱ्या घरांतली आहेत. बॉक्सिंगमध्ये पुढं जायच्या दोन वाटा आहेत, हौशी आणि व्यावसायिक. कुठली कधी धरायची, हे चुकलं तर त्या घराची आठ-दहा वर्षांची कमाई आणि पोराची तारुण्यातली ताकद दोन्ही जातात.

कोल्हापूरकराला हा फरक समजायला जड जाऊ नये. उरुसाला आणि जत्रेला मैदान भरतं, जोड ठरते, इनाम पुकारला जातो. ती झाली पैशाची कुस्ती. दुसरीकडे वजनगटात, मॅटवर, पंचांच्या गुणांवर होणारी स्पर्धेची कुस्ती. तिथं हातात रोख फारसं येत नाही, पण प्रमाणपत्र येतं, किताब येतो, त्यावर पोलिसात किंवा रेल्वेत जागा मिळते. आपले पैलवान पिढ्यान् पिढ्या दोन्हीकडे खेळत आलेत. बॉक्सिंगमध्ये मात्र हे इतकं सोपं नाही. व्यावसायिक करारावर सही केली की तुमची लढत कुणाशी, कधी, कुठं, हे प्रमोटर ठरवतो. राष्ट्रीय शिबिर, निवड चाचणी, संघटनेची स्पर्धा हे सगळं प्रत्यक्षात हातातून सुटतं. परत येता येत नाही असं नाही. विकास कृष्णन अमेरिकेत दोन व्यावसायिक लढती जिंकून परतला आणि टोकियो ऑलिंपिकला गेला. मणिपूरची सरिता देवी जानेवारी 2017 मध्ये इंफाळला व्यावसायिक लढत जिंकली आणि पुढच्या वर्षी पुन्हा भारताकडून जागतिक स्पर्धेत उतरली. पण हे दोघंही आधीच मोठं नाव कमावलेले खेळाडू होते. सतराव्या वर्षी गेलेल्या पोराला परतायला जागा कोण राखून ठेवणार?

खेळातला फरकही मोठा आहे. हौशी लढत तीन फेऱ्यांची, प्रत्येक फेरी तीन मिनिटांची, भोवती पाच पंच. पहिल्या घंटेपासून वेगानं गुण मिळवायचे. व्यावसायिक लढत चार फेऱ्यांपासून सुरू होऊन बारापर्यंत जाते. बायकांच्या फेऱ्या साधारण दोन मिनिटांच्या आणि जास्तीत जास्त दहा. तिथं दम राखावा लागतो, मार पचवावा लागतो, समोरच्याला हळूहळू थकवावं लागतं. हौशी स्पर्धेत चार-पाच दिवस रोज सकाळी वजन द्यावं लागतं, व्यावसायिकमध्ये आदल्या दिवशी एकदाच. म्हणून तिथं वजन उतरवण्याचे अघोरी प्रकार जास्त चालतात.

नागपूरची अल्फिया

महाराष्ट्रातल्या मुस्लिम घरातून आलेलं बॉक्सिंगमधलं सध्याचं सगळ्यात मोठं नाव म्हणजे नागपूरची अल्फिया पठाण. वडील पोलीस दलात. भाऊ बॉक्सिंग करायचा, त्याच्यामागं तीही मानकापूरच्या क्रीडा संकुलात जाऊ लागली. एप्रिल 2021 मध्ये पोलंडच्या किएल्स शहरात युवा जागतिक स्पर्धा झाली. त्या स्पर्धेत भारताच्या सात मुलींनी सात सुवर्णं आणली. त्यातलं 81 किलोवरील गटाचं अल्फियाचं. कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात होती, त्यामुळे मिरवणूक वगैरे राहिलीच. 2022 मध्ये कझाकस्तानातल्या एलोर्डा कपमध्ये तिनं यजमान देशाच्या माजी जागतिक विजेत्या लज्जत कुंगेबायेवाला हरवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अम्मानला वरिष्ठ आशियाई स्पर्धेचं सुवर्ण. ऑलिंपिक पदकविजेती लवलिना बोर्गोहेन त्याच स्पर्धेत, त्याच रंगाचं पदक घेऊन परतली.

आता गंमत बघा. गंमत कसली, चीड आणणारी गोष्ट आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये महिलांचे सहा वजनगट होते आणि सगळ्यात वरचा 75 किलोचा. 2028 च्या लॉस एंजेलिससाठी ते सात केलेत, 51 पासून 75 पर्यंत. म्हणजे अल्फियाच्या गटाला ऑलिंपिकचा दरवाजाच नाही. 2023 च्या हांगझोऊ आशियाई खेळांतही महिलांचा वरचा गट 75 चाच होता. आशियात पहिली आलेली मुलगी, पण ज्या पदकावर सरकारचं कोटीचं बक्षीस आणि वर्ग एकची नोकरी मिळते, त्या पदकासाठी तिला उभंच राहता येत नाही. शिवाय देशांतर्गत स्पर्धाही कडक. याच गटात नूपुर शेओरान सप्टेंबर 2025 मध्ये लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेतून रौप्य घेऊन आली. त्या जागतिक स्पर्धेत भारतीय मुलींनी चार पदकं जिंकली आणि त्यातली तीन, नूपुरचं रौप्य आणि पूजा राणीचं कांस्य धरून, ऑलिंपिकमध्ये नसलेल्या गटांतली होती. आपल्याकडच्या बातम्यांत हा तपशील सहसा येतच नाही, चार पदकं एकाच ओळीत छापली जातात.

अशा खेळाडूनं व्यावसायिक व्हावं का? कागदावर उत्तर 'हो' दिसतं. अमेरिकेची क्लॅरेसा शिल्ड्स 2012 आणि 2016 अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं 75 किलोत जिंकून त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्यावसायिक झाली आणि वर सरकत सरकत फेब्रुवारी 2025 मध्ये हेवीवेटची निर्विवाद विजेती बनली. पण शिल्ड्सच्या मागं अमेरिकेतलं टीव्हीचं मार्केट आहे. महिला हेवीवेटमध्ये जगातच खेळाडू मोजके, भारतात तर जोड मिळणंच मुश्कील. लढत नाही म्हणजे मानधन नाही. व्यावसायिक बॉक्सरला महिन्याचा पगार नसतो, हे आपल्या घरांत आधी समजावून सांगायला हवं. लढला तर पैसे. त्यातून ट्रेनर, मॅनेजर, प्रवास, डॉक्टर यांचे वाटे गेल्यावर उरेल ते त्याचं. हात मोडला तर सहा महिने शून्य.

विजेंदरनं चाललेली वाट

हौशीतून व्यावसायिककडं गेलेल्या भारतीयांत सगळ्यात जास्त पाहिली गेलेली कारकीर्द विजेंदर सिंगची. 2008 मध्ये बीजिंगला कांस्य, भारताचं बॉक्सिंगमधलं पहिलं ऑलिंपिक पदक. 2009 मध्ये जागतिक कांस्य, 2010 मध्ये आशियाई सुवर्ण. एवढं सगळं करून, हरियाणा पोलिसात डीएसपी असताना, वयाच्या 29 व्या वर्षी त्यानं ब्रिटिश प्रमोटरशी करार केला. 10 ऑक्टोबर 2015 ला मँचेस्टरमध्ये पहिली लढत, तिसऱ्या फेरीत विजय. पोलिसाच्या नोकरीत राहून पैशाच्या लढती कशा खेळता, हा प्रश्न पुढं उच्च न्यायालयापर्यंत गेला. नोकरी आणि प्रो रिंग एकत्र नांदणं किती अवघड आहे, ते यावरून कळावं.

जुलै 2016 मध्ये दिल्लीत त्यानं डब्ल्यूबीओचा आशिया पॅसिफिक पट्टा जिंकला. 5 ऑगस्ट 2017 ला मुंबईत वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये चीनच्या झुल्पिकार मैमतअलीशी दहा फेऱ्यांची लढत झाली. डोकलामचा तणाव चालू होता, स्टेडियममध्ये वातावरण सामन्याचं कमी आणि सीमेचं जास्त. तीनही पंचांनी विजेंदरला अगदी थोड्या गुणांनी विजयी दिलं आणि जिंकल्यावर त्यानं माइकवर सांगितलं की हा पट्टा मी परत द्यायला तयार आहे, सीमेवर शांतता राहू दे. ज्याला तो पट्टा परत करायला निघाला होता तो झुल्पिकार शिनजियांगचा. आपल्या मोहल्ल्यात त्या रात्री सामना बघणाऱ्या कितीजणांच्या हे लक्षात आलं असेल, कोण जाणे.

बारा लढती, बारा विजय. मग 19 मार्च 2021, पणजी. मांडवी नदीत उभ्या असलेल्या मॅजेस्टिक प्राइड या कॅसिनो जहाजाच्या छतावर रिंग लावलेली. समोर रशियाचा आर्तिश लोपसान, सहा फूट चार इंच उंच. पाचव्या फेरीत रेफरीनं लढत थांबवली. विजेंदरचा पहिला पराभव, वयाच्या 35 व्या वर्षी. ऑगस्ट 2022 मध्ये रायपूरला तो पुन्हा जिंकला. पण जगातल्या चार मोठ्या संस्थांपैकी एकाच्याही मुख्य जागतिक पट्ट्यासाठी त्याला कधी लढायला मिळालं नाही. त्या चारपैकी एकही मुख्य पट्टा आजवर कुठल्याच भारतीयानं जिंकलेला नाही. अधूनमधून 'भारतीय बॉक्सर वर्ल्ड चॅम्पियन' अशी बातमी येते. पट्टा कुठल्या संस्थेचा ते जरूर बघा. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये संस्था ढीगभर आहेत आणि प्रत्येकीचा विश्वविजेता वेगळा. मनदीप जांगडानं 2024 मध्ये जिंकलेला डब्ल्यूबीएफचा पट्टा त्याच्या कष्टाचा आहे, त्यात शंका नाही, पण तो त्या चार संस्थांपैकी नाही.

विजेंदरनं चूक केली असं मला वाटत नाही. त्यानं क्रम बरोबर ठेवला. आधी पदक, मग पदावरची नोकरी, मग करार. पराभव झाला तेव्हा घर चालवायला त्याला पट्ट्याची गरज नव्हती. निशांत देवचंही तसंच. 2023 मध्ये जागतिक कांस्य, पॅरिसला उपांत्यपूर्व फेरी, आणि मग जानेवारी 2025 मध्ये लास वेगासला व्यावसायिक पदार्पण, पहिल्याच फेरीत विजय. मोठा प्रमोटर त्याच्याकडं आला तो ते रेकॉर्ड बघून. आमिर खान हे आपल्या मुलांचं लाडकं उदाहरण. बोल्टनमधल्या पाकिस्तानी वंशाच्या घरातला हा मुलगा 2004 मध्ये सतराव्या वर्षी अथेन्सला रौप्य घेऊन आला, पुढच्या वर्षी व्यावसायिक झाला आणि 2009 मध्ये डब्ल्यूबीएचा विश्वविजेता. सतराव्या वर्षी, हे पोरं बरोबर ऐकतात. ऑलिंपिक रौप्य हे शब्द तेवढे कानावरून जातात. आणि 2008 मध्ये ब्रेडिस प्रेस्कॉटनं त्याला 54 सेकंदांत झोपवलं होतं, हे तर कुणाला सांगावंसंच वाटत नाही.

मुहम्मद अलींचा विषय निघाल्याशिवाय आपल्या घरात बॉक्सिंगची चर्चा संपत नाही. तेही याच वाटेनं गेले. 1960 चं रोमचं सुवर्ण, आणि दोन महिन्यांच्या आत लुईव्हिलला पहिली व्यावसायिक लढत. तेव्हा ते कॅशियस क्ले होते. गावातल्या अकरा धनिकांनी एकत्र येऊन त्यांच्याशी करार केला, सही करताच 10,000 डॉलर दिले आणि कमाईचा एक हिस्सा म्हातारपणासाठी बाजूला ठेवायची अट घातली. त्या काळात काळ्या बॉक्सरला इतका सरळ करार मिळणं दुर्मिळ होतं. त्या पहिल्या लढतीत समोर होता टनी हन्सेकर. तो पोटापाण्यासाठी वेस्ट व्हर्जिनियातल्या एका गावचा पोलीस प्रमुख होता. दीड वर्षानं, 1962 मध्ये, दुसऱ्या एका लढतीत त्याच्या मेंदूला मार बसला, तो नऊ दिवस बेशुद्ध होता आणि रिंग कायमची सुटली. अलींना 1984 मध्ये पार्किन्सन्स असल्याचं जाहीर झालं. त्यांचे थरथरणारे हात 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकची मशाल पेटवताना सगळ्या जगानं पाहिलेत.

घरातून येणारे प्रश्न

यावर आपल्याकडं आणखी एक प्रश्न हमखास येतो. चेहऱ्यावर मारू नये, असं हदीसमध्ये आहे, मग हा खेळ कसा चालेल? 1987 मध्ये मक्केतल्या राबित्याच्या फिकह परिषदेनं याच कारणावरून, आणि जिवाला होणाऱ्या इजेवरून, बॉक्सिंग नाजायज असल्याचा निर्णय दिला होता. काही घरं तिथंच थांबतात, आणि त्यांच्याशी वाद घालायचं कारण नाही. काही घरं हेल्मेट, छोट्या लढती, डॉक्टरची देखरेख असलेला हौशी खेळ आणि बक्षिसासाठी समोरच्याला बेशुद्ध पाडायचा खेळ यात फरक करतात. घरात हे मोकळेपणी बोललं जावं, एवढंच. पोरगं लपूनछपून क्लबला जातं तेव्हा दुखापतही लपवतं.

मुलींबाबत मुद्दा कपड्यांवर येऊन अडतो. निजामाबादची निखत झरीन सुरुवातीला शॉर्ट्समध्ये खेळते म्हणून नातेवाइकांनी तिच्या अब्बूंना काय काय ऐकवलं, ते तिनं स्वतः अनेकदा सांगितलंय. निजामाबाद म्हणजे आपल्या नांदेडला लागूनच. ती 2022 आणि 2023 अशी दोनदा जगज्जेती झाली. पॅरिसमध्ये चीनच्या वू यू कडून लवकर हरली, तरी तेलंगण सरकारनं तिला डीएसपी केलं. तिला सुरुवातीचे धडे देणारे शम्सुद्दीन सर निजामाबादचेच. त्यांचा मुलगा हुसामुद्दीन लष्करात आहे, राष्ट्रकुलची दोन कांस्यं आणि 2023 चं जागतिक कांस्य त्याच्या नावावर. एका गावातून, एका तालमीतून दोन नोकऱ्या आणि पाच मोठी पदकं, कुणीही 'प्रो' न होता! कपड्यांचं म्हणाल तर 2019 पासून आंतरराष्ट्रीय हौशी स्पर्धेत हिजाब आणि पूर्ण अंग झाकणारा पोशाख घालून उतरायला परवानगी आहे. बऱ्याच पालकांना हे माहीत नसतं, काही कोचनाही.

नोकरीच्या प्रश्नाचं उत्तर थोडं कोरडं आहे, पण उपयोगाचं आहे. महाराष्ट्रात सरकारी भरतीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या किंवा शालेय खात्याच्या ठरलेल्या स्पर्धेतलं पदक लागतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून आधीच करून घ्यावी लागते. भरतीची जाहिरात आल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो. खासगी 'फाइट नाइट'चं सर्टिफिकेट, कितीही सोनेरी असलं तरी, इथं चालत नाही. रेल्वे आणि लष्कर वेगळी खेळाडू भरती करतात. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमधून कितीतरी बॉक्सर घडलेत. खेलो इंडियात निवड झाली तर प्रशिक्षणाशिवाय महिन्याला 10,000 रुपये हातखर्चाला मिळतात. कोल्हापूरला उदाहरण शोधायला लांब जायला नको. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत टीसीची नोकरी करत करत नेमबाजी खेळला आणि पॅरिसहून कांस्य घेऊन आला. आणि खाशाबा जाधव? 1952 मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं. पदक आणूनही पोलिसातली नोकरी लागायला खाशाबांना तीन वर्षं लागली. आजच्या पोराला घर गहाण टाकणारे प्राचार्य मिळणार नाहीत, पण राखीव जागा आहे. ती सोडून आधी करारावर सही करणं म्हणजे पेरणीआधी बियाणं विकून खाणं.

करारच करायचा झाला तर तो घरात मराठीत वाचून घ्या, वकिलाकडून. किती वर्षांचा, किती लढतींची हमी, जखमी झाल्यास दवाखान्याचा खर्च कुणाचा, करार मोडायचा तर काय. अठरा वर्षांखालच्या मुलाची सही कायद्यानं चालतच नाही, तरी ती घ्यायला लोक येतात. आमच्याच ओळखीत असा एकजण एका क्लबच्या नावानं येऊन गेला होता. इंग्रजीत छापलेली पाच पानं, आणि 'फक्त शेवटच्या पानावर सही करा'. मुलाच्या मामानं ती पानं ठेवून घेतली आणि चहा पाजून त्याला वाटेला लावलं.

तो मुलगा सध्या बारावीला आहे. सकाळी शिवाजी विद्यापीठाच्या रस्त्यावर पळतो, संध्याकाळी बॅग लटकवून सराव करतो, रात्री भावाच्या मोबाईलवर लास वेगास बघतोच. प्रोचा विषय घरात पदक येईपर्यंत बंद झालाय. पुढच्या निवड चाचणीला त्याला 55 किलोत उतरायचंय आणि काटा अजून छप्पन्न दाखवतो, म्हणून अम्मीनं त्याचा रात्रीचा भात बंद केलाय. शुक्रवारची बिर्याणी तेवढी अजून चालू आहे, त्यावरून रोज भांडण.